सह्यांपुरती पशुवैद्य? त्या अटीवर नको

पत्र : मी पशुवैद्य आहे. सहा वर्षं निफाड-पिंपळगाव भागात गाई-म्हशींची प्रॅक्टिस केली. आता संध्याकाळी गंगापूर रोडला कुत्र्या-मांजरांचं छोटं क्लिनिक चालवते. नाशिकजवळच्या एका वैद्यकीय संशोधन संस्थेने त्यांच्या ॲनिमल हाऊससाठी मला विचारलं आहे. तिथे माईस, रॅट, गिनीपिग आणि ससे आहेत. 'महिन्यातून दोनदा या, रजिस्टर बघा, सह्या करा,' एवढंच काम असल्याचं सांगितलं. हे प्राणी मी कॉलेजात जेमतेम हाताळले. घरी सासूबाई म्हणतात, 'जनावरं जगवायला शिकलीस आणि आता मारायला जाणार का?' मी काय करावं? आणि क्लिनिक चालू ठेवता येईल का?

उत्तर :

डॉक्टर, सासूबाईंच्या प्रश्नाकडे नंतर येते. त्याचं उत्तर तुम्ही ही जागा कोणत्या अटींवर घेता यावर अवलंबून आहे.

आधी त्या दोन सह्यांबद्दल. या अटीवर अजिबात जाऊ नका. गाईने वैरण सोडली की मालक तासाभरात फोन करतो. इथे फोन करणारा मालकच नाही. पंचवीस ग्रॅमच्या माऊसला पाण्याची बाटली तुंबली तर दोन दिवसांत तो हातचा जातो. शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं रात्रीत वाढतं. पंधरा दिवसांनी येणाऱ्या डॉक्टरला रजिस्टरमध्ये फक्त मृत्यूच्या नोंदी सापडतात, आणि त्या नोंदींखाली सही मात्र तिची असते.

ही जागा कायद्याने निर्माण केलेली आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती आहे. पूर्वी तिला सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए म्हणतात. १९९८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत प्राणी नीतिमत्ता समिती असावी लागते. तिच्यात प्राण्यांची निगा पाहणारा पशुवैद्य हा सदस्य असतो आणि केंद्रीय समितीने नेमलेला प्रतिनिधीही असतो. कायद्याचं कलम १७ एकदा मूळातून वाचा. जिथे शस्त्रक्रिया आहे तिथे शक्य तोवर पुरेशी भूल हवी. भुलीत असताना प्राण्याला इतकी इजा झाली की शुद्धीवर आल्यावर त्याचे हालच होतील, तर त्याला शुद्धीवर येऊ न देताच वेदनारहित मृत्यू द्यावा. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा वापरू नये. निव्वळ हात बसवण्यासाठी प्रयोग करू नये. हे सगळं प्रत्यक्ष पिंजऱ्यापाशी उतरवणारं माणूस म्हणजे तुम्ही.

म्हणून नेमणूकपत्रात काही गोष्टी लेखी मागून घ्या. एखादा प्राणी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे त्रासात असेल, तर संशोधकाची वाट न पाहता उपचार करायचा किंवा त्याला वेदनारहित मृत्यू द्यायचा अधिकार तुमचा. संशोधकाला फोन जरूर करायचा, पण त्याने उचलला नाही म्हणून प्राणी ताटकळणार नाही. संशोधकांचे प्रस्ताव नीतिमत्ता समितीच्या बैठकीच्या किमान आठवडाभर आधी तुमच्या हातात. रविवार आणि दिवाळी धरून रोज कोणीतरी प्रशिक्षित माणूस प्रत्येक पिंजरा पाहील आणि फोनवर तुम्ही असाल. वेदनाशामकं आणि भुलीची औषधं कायम साठ्यात. आणि तुम्ही उत्तरदायी असाल ती संस्थाप्रमुखांना, ज्याचा प्रयोग चालू आहे त्या विभागाला नव्हे. 'एवढं कशाला लिहून द्यायचं, आपण एकाच घरातले' असं उत्तर आलं, तर ती जागा सोडा. अधिकार नसताना तिथे तुमच्या नावाचा फक्त शिक्का वापरला जाईल.

प्रस्तावाचा तो 'फॉर्म बी' कसा वाचायचा ते सांगते, कारण निम्मे हाल तिथेच टळतात. आधी आकडे बघा. माऊसमध्ये किलोमागे साधारण ७५ मिली रक्त धरतात. म्हणजे २५ ग्रॅमच्या माऊसमध्ये जेमतेम १.९ मिली. एका वेळी त्यातलं १० टक्के, म्हणजे सुमारे ०.२ मिली घ्यावं आणि भरून यायला दोन आठवडे द्यावेत. विद्यार्थी सर्रास 'दर आठवड्याला ०.५ मिली' लिहितात, कारण तपासणीच्या किटला तेवढं लागतं. तिसऱ्या आठवड्यात सगळे प्राणी रक्तक्षयी होतात आणि मग औषधाचा परिणाम मोजला जातो की रक्तक्षयाचा, हे कोणालाच सांगता येत नाही. हा मुद्दा असाच मांडा. 'बिचारे प्राणी' म्हटलं की काही संशोधक कान बंद करतात, 'तुमचा डेटा जाईल' म्हटलं की वही उघडतात. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. तोंडाने नळीतून औषध द्यायचं असेल तर किलोमागे १० मिलीच्या वर जायला ठोस कारण हवं.

मग 'वेदनाशामक' हा रकाना. तिथे 'आवश्यक नाही' असं लिहिलेलं दिसलं आणि वरच्या रकान्यात पोट उघडायची शस्त्रक्रिया असेल, तर प्रस्ताव परत पाठवा. शेवटी प्रयोग कुठे थांबवायचा तो मुद्दा. 'मृत्यूपर्यंत निरीक्षण' हे उत्तर जवळजवळ कधीच मान्य करू नका. सुरुवातीच्या वजनातून २० टक्के घट ही नेहमीची रेषा आहे. पण कर्करोगाच्या प्रयोगात ती फसवते. गाठ वाढते, माऊस खंगतो आणि काटा तोच आकडा दाखवतो. तिथे पाठीच्या कण्यावर आणि कमरेच्या हाडावर बोट फिरवून अंगावर मांस किती उरलंय ते पाहावं लागतं. शिवाय गाठ २ सेंटिमीटरच्या पुढे गेली किंवा वरची कातडी फुटली की थांबायचं, हे आधीच लिहून घ्यायचं.

आता तुमची खरी अडचण. हे प्राणी हातात बसलेले नाहीत, आणि गाई-म्हशींची सवय इथे घातक ठरू शकते. सगळ्यात मोठा धोका तुमच्या बॅगेतल्या स्ट्रेप्टोपेनिसिलिनचा आहे. पेनिसिलिन गटातलं औषध गिनीपिगला दिलं की आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि काही दिवसांत प्राणी जातो. सशाला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन किंवा क्लिंडामायसिन दिलं तरी तेच होतं. माऊसला प्रोकेनयुक्त पेनिसिलिन सोसत नाही. या तिघांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक हाताशी ठेवा आणि औषधांच्या कपाटाच्या दारावर 'गिनीपिग-ससा : हे देऊ नये' अशी यादी चिकटवा. रात्री इंजेक्शन देणारा माणूस तुम्ही नसाल.

दुसरी चूक डोस मोजण्याची. मोठ्या जनावरांच्या कुप्यांतून थेट औषध ओढलं की माऊसचं गणित बिघडतं. भुलीसाठी केटामाइन किलोला १०० मिलिग्रॅम आणि झायलाझिन १० मिलिग्रॅम धरलं, तर २५ ग्रॅमच्या माऊसला मिलीत ५० मिलिग्रॅम असलेल्या केटामाइनचं ०.०५ मिली आणि मिलीत २० मिलिग्रॅम असलेल्या झायलाझिनचं ०.०१२५ मिली लागेल. एवढंसं इन्सुलिनच्या सिरिंजनेही नीट मोजता येत नाही. त्यापेक्षा निर्जंतुक कुपीत २ मिली केटामाइन, ०.५ मिली झायलाझिन आणि ७.५ मिली सलाईन एकत्र करा. या १० मिली मिश्रणातलं १० ग्रॅम वजनामागे ०.१ मिली, म्हणजे २५ ग्रॅमच्या माऊसला ०.२५ मिली, पोटाच्या पोकळीत इंजेक्शनने द्या. कुपीवर तयार केल्याची तारीख, दोन्ही औषधांची तीव्रता आणि 'फक्त माऊस' असं लिहा. देण्याआधी प्रत्येक प्राणी तोला. 'साधारण पंचवीसचा दिसतोय' या अंदाजावरच सगळ्यात जास्त प्राणी दगावतात. भूल कमी पडली तर पुन्हा पूर्ण मिश्रण देऊ नका. केटामाइन एकट्याचा थोडा डोस वाढवा, कारण झायलाझिन साठत गेलं की हृदयाचे ठोके आणि श्वास दोन्ही मंदावतात.

माईस आणि रॅट यांना ओकारी होत नाही, त्यामुळे कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवण्याची गरज नसते. उलट माऊसची साखर उतरते. भुलीत डोळे उघडे राहतात, म्हणून डोळ्यांत मलम घाला, नाहीतर बुबुळ कोरडं पडून पांढरं होतं. आणि ऊब. एवढ्याशा देहाची उष्णता मिनिटागणिक जाते. भूल उत्तम लागली, टाके उत्तम बसले आणि प्राणी थंडीनेच गेला, ही नव्या माणसाची नेहमीची कहाणी. टेबलापासून तो पूर्ण चालू लागेपर्यंत खाली ३७ अंशांच्या आसपासचा गरम पॅड हवा. शुद्धीवर येताना त्याला बेडिंगवर न ठेवता कागदावर ठेवा, कारण भुशाचा कण नाकातोंडात जातो.

मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक तुमच्याकडे असतंच. तेही पातळ करा. ५ मिलिग्रॅमचं औषध दहापट पातळ केलं की मिलीत ०.५ मिलिग्रॅम राहतं. किलोला ५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने २५ ग्रॅमच्या माऊसला ०.२५ मिली कातडीखाली. पहिला डोस चीर देण्याआधीच द्यायचा. मोठ्या शस्त्रक्रियेला ब्युप्रेनॉर्फिनही लागतं. ते आणि केटामाइन दोन्ही नियंत्रित औषधं आहेत. कुलूपबंद कपाट, परवाना, प्रत्येक थेंबाची नोंद. शिल्लक जुळली नाही तर विचारणा तुम्हाला होईल, म्हणून पहिल्या दिवशी साठा स्वतः मोजून मगच ताबा घ्या.

सशाला दोन हातांनी उचला, एक हात कायम मागच्या पायांखाली. पाय मोकळे राहिले तर तो झटका देतो आणि स्वतःच्याच ताकदीने कमरेचा मणका मोडून घेतो. ट्रेमधल्या लेंड्या रोज पाहा. बारा तासांत एकही लेंडी नसेल तर त्याचं पोट थांबलंय, मग खाण्याची वाट बघत बसू नका. आपल्याप्रमाणेच गिनीपिगचं शरीरही सी जीवनसत्त्व बनवू शकत नाही. खाद्याच्या पोत्यावरची तारीख बघा. कारखान्यातून निघून तीन महिने झाले असतील तर त्यातल्या सी जीवनसत्त्वावर विसंबू नका. रॅटच्या गोळ्या गिनीपिगला घालणं तर चूकच. खुडूक बसलेला, हात लावला की ओरडणारा, गुडघे सुजलेला गिनीपिग दिसला की आधी खाद्य तपासा. हे दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतं.

इथे नाशिकची एक खास गोष्ट. ससे-गिनीपिगांना अटेंडंट प्रेमाने घास, कोथिंबीर, कोबीची पानं आणून घालतात. द्राक्षबागेच्या बांधावरचा घास आणू देऊ नका. फवारा वाऱ्याने जातो आणि त्या औषधाचे अंश प्रयोगातही उतरतात. तसाच घोटी-इगतपुरीकडच्या भात गिरण्यांमधला तूस. बेडिंग म्हणून तो स्वस्त पडतो, पण त्यात रानउंदरांची लेंडी आणि मूत येऊ शकतं आणि धूळ फार असते. वापरायचाच तर चाळून, ऑटोक्लेव्हमध्ये दाबाच्या वाफेने निर्जंतुक करून. पोतं गच्च भरलं की वाफ मध्यापर्यंत पोहोचत नाही. बाहेरचं सूचक रंग बदलतं आणि मधला तूस कच्चाच राहतो. पोती अर्धीच भरा आणि सूचकपट्टी पोत्याच्या पोटात खुपसा. पैसे असतील तर मक्याच्या कणसाचं बेडिंग बरं.

खोलीचं तापमान १८ ते २९ अंश, आर्द्रता ३० ते ७० टक्के आणि तासाला १२ ते १५ वेळा हवा बदल हे देशातल्या मार्गदर्शक सूचनांमधले आकडे. निफाडकडची थंडी तुम्हाला सांगायला नको, पारा पाच अंशांखाली उतरतो. अशा कोरड्या दिवसांत रॅटच्या पिल्लांच्या शेपटीवर आवळल्यासारखी कडी दिसली, तर तो जंतूंचा आजार समजून औषधं देऊ नका, हवेत ओलावा वाढवा. एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडला की सर्वांत आधी ससे जातात. कान लाल, तोंड उघडं, मान वर. जनरेटर आहे का, एवढंच विचारू नका. वीज गेल्यावर तो किती सेकंदांत आपोआप सुरू होतो, डिझेल कोण भरतं आणि रात्री खोली तापली तर कोणाच्या फोनची घंटी वाजते, हे विचारा. हवा खेळवणाऱ्या बंद पिंजऱ्यांचा पंखा थांबला तर आतली हवा लवकर कोंदते, म्हणून त्यालाही बॅकअप हवा. पावसाळ्यात खाद्याची पोती भिंतीपासून लांब, फळीवर.

आता रोजची फेरी. दार उघडून लगेच पिंजऱ्याला हात घालू नका. दोन मिनिटं नुसतं पाहा. हे सगळे भक्ष्य प्राणी आहेत, दुखणं लपवणं त्यांच्या रक्तात आहे. माणूस जवळ आला की आजारी माऊसही क्षणभर ताठ होतो. लांबून दिसतो तो खरा. घर न बांधता कोपऱ्यात बसलेला, पाठ कमानीसारखी, केस पिंजारलेले, डोळे बारीक, कान मागे वळलेले, गाल फुगल्यासारखे. चेहऱ्यावरून वेदना मोजायची मोजपट्टी २०१० साली माऊससाठी प्रसिद्ध झाली. तिचे फोटो छापून खोलीत लावा, अटेंडंट आठवड्यात शिकतात. रॅटच्या डोळ्यांभोवती आणि नाकाशी लाल ओघळ दिसला तर घाबरू नका, ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीचा स्राव असतो. पण निरोगी रॅट तो पुसून टाकतो. वाळलेला लाल डाग म्हणजे त्याने अंग साफ करणं सोडलंय, आणि त्यामागे कारण आहे.

प्रत्येक बाटलीच्या नळीचं टोक बोटाने दाबून थेंब येतो का पाहा. बाटली भरलेली दिसते म्हणून तिच्यातून पाणी येतंच असं नाही, नळीत हवा अडकते. उलट बाटली रात्रभर गळली तर बेडिंग भिजून माईस गारठून जातात. पाण्याविना राहिलेला प्राणी खाणंही सोडतो, त्यामुळे खाद्य तसंच पडलेलं दिसलं की पहिला संशय बाटलीवर. नाकात अमोनिया झोंबला तर बेडिंग बदलायला आधीच उशीर झालेला आहे. वेगवेगळ्या पिंजऱ्यांतले वाढलेले नर माईस जागा वाचवायला एकत्र टाकू देऊ नका. सकाळी पाठ आणि शेपूट फाडलेली सापडतात.

माऊसला शेपटीला धरून उचलण्याची जुनी सवय मोडा. ओंजळीत किंवा नळ्यात घेऊन उचललं तर तो माणसाला कमी घाबरतो, हे प्रयोगांनी दाखवलेलं आहे. पॉलिकार्बोनेटचा तळहाताच्या लांबीचा नळा प्रत्येक पिंजऱ्यात ठेवला की तोच त्याचं खेळणं आणि तीच त्याची पालखी. आणि अटेंडंटकडे लक्ष द्या. त्यांच्या मुठीत या प्राण्यांचा दिवस असतो. मास्क, हातमोजे, वेगळे कपडे त्यांना मिळतात का? उंदरांच्या मूत्रातल्या प्रथिनांनी शिंका आणि डोळ्यांची खाज सुरू होते, आणि दुर्लक्ष केलं तर दम्यापर्यंत जातं.

आता सासूबाई. त्यांचा प्रश्न खरा आहे, त्याला बगल देऊ नका. हो, तिथले बहुतेक प्राणी शेवटी मरतील, आणि काहींचा मृत्यू तुमच्या हातून होईल. तुम्ही गेला नाहीत म्हणून तो प्रयोग थांबणार नाही. तुम्ही असलात तर २० ऐवजी १२ प्राणी पुरतील का, हे कोणीतरी विचारेल. पेशींवर भागत असेल तर पेशींवर करा, असं कोणीतरी म्हणेल. भुलीशिवाय चीर पडणार नाही. पर्याय, संख्येत घट आणि यातनेत घट ही तीन तत्त्वं रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडली. आपल्या नियमांनी त्यात पुनर्वसनाची भर घातली. प्रयोगानंतर निरोगी राहिलेला ससा चांगल्या घरी देता येईल का, हे समितीत विचारणं तुमचंच काम.

आणि शेवटची घडीसुद्धा चांगली किंवा वाईट असू शकते. कार्बन डायऑक्साइड वापरत असतील तर सिलिंडरला फ्लोमीटर आहे का पाहा. पेटीच्या घनफळाच्या ३० ते ७० टक्के वायू दर मिनिटाला सोडायचा. १० लिटरच्या पेटीला मिनिटाला ३ ते ७ लिटर. आधीच भरलेल्या पेटीत प्राणी टाकला तर त्याचं नाक-डोळे जळतात आणि तो शुद्धीत तडफडतो. एका वेळी एकाच पिंजऱ्यातले, गर्दी न करता, बाकीच्या प्राण्यांपासून लांब. श्वास थांबल्यावरही काही मिनिटं थांबा आणि दुसऱ्या पद्धतीने मृत्यूची खात्री करा. नाहीतर कचऱ्याच्या पिशवीत प्राणी जागा होतो. नवजात पिल्लांना हा वायू फार वेळ लागतो, त्यांच्यासाठी वेगळी पद्धत ठरवून घ्या. हे काम एकाच अटेंडंटवर रोज टाकू नका, आणि स्वतःवरही नाही. ज्या दिवशी तुम्हाला काहीच वाटेनासं होईल किंवा घरी जेवण जाणार नाही, त्या दिवशी पाळी बदलून घ्या.

हात बसवण्यासाठी रुजू होण्यापूर्वी एखाद्या चांगल्या ॲनिमल हाऊसमध्ये दोन-तीन आठवडे उभ्या राहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने या विषयाचे अभ्यासक्रम अनेक वर्षं चालवलेले आहेत. चेन्नईच्या माधवरमला तमिळनाडूच्या पशुवैद्यक विद्यापीठाचा प्रयोगशाळा-प्राण्यांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे काय चालू आहे ते विचारा आणि खर्च संस्थेने करावा हीसुद्धा अट घाला.

क्लिनिक चालू ठेवा, फक्त क्रम पाळा. सकाळी अंघोळ करून आधी ॲनिमल हाऊस, संध्याकाळी गंगापूर रोड. उलट कधीच नाही. आतले कपडे आणि चपला तिथेच राहतील. आतही निरोगी खोल्या आधी, क्वारंटाइन आणि आजारी खोली सर्वांत शेवटी. क्लिनिकमध्ये कोणी पाळीव हॅमस्टर किंवा गिनीपिग घेऊन आलं, तर ते रुग्ण दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवा. घरी पांढरे उंदीर पाळू नका. एखाद्या संध्याकाळी असा प्राणी हाताळावाच लागला, तर पुढचे तीन दिवस प्रजनन खोलीत पाऊल टाकू नका. त्या दिवसांत फॉर्म बी वाचायचं काम बाहेर बसून करा.